खंडेनवमीची नवी बॅटरी

आमच्या घरातली सकाळ गाडी ढकलण्यापासून सुरू व्हायची. आईचं अंघोळीचं पाणी चुलीवर चढलेलं असायचं, आत्या सडा टाकून कंबर धरून उभी असायची आणि मी पुस्तक उघडून वाचण्याचं सोंग करत ओट्यावर बसलेली असायचे. तेवढ्यात आण्णा गाडीची काच खाली करून ओरडत, "चला गं, लावा जोर!" मग आम्ही तिघी पदर-ओढणी खोचून पांढरीच्या मागे उभ्या राहायचो. पांढरी म्हणजे आमची मोटार. एका डॉक्टरांनी वापरून वापरून कंटाळून विकलेली, पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी. पण पहिल्या दिवशी ओवाळताना आत्याने तिला गाईला ठेवावं तसं नाव ठेवलं आणि तेच राहिलं. अंगणापासून पाटापर्यंत चांगला उतार होता. त्या उतारावर पांढरी घरंगळायला लागली की आण्णा क्लच सोडत, गाडी दोन उचक्या देई, मागून काळा धूर आमच्या तोंडावर येई आणि इंजिन धरे. आण्णा हात बाहेर काढून हलवत नारायणगावच्या स्टँडकडे निघून जात. अष्टविनायकाला आलेली माणसं तिथून ओझरला न्यायची, मग लेण्याद्रीला, आणि संध्याकाळी परत आणून सोडायची, हे त्यांचं काम. आत्या तोंड पुसत म्हणायची, "देवाला जानाऱ्यांची गाडी, देवच ढकलतोय जनू." ढकलतो आम्ही, देव नाही, असं मी एकदा म्हटलं आणि दिवसभर बोलणी खाल्ली.

आत्या ही आण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि आल्या दिवसापासून घर तिच्या ताब्यात गेलं. ती वाईट नव्हती, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे येणार आहे त्यात ती कठोर दिसेल. मला गोवर झाला तेव्हा पंधरा दिवस मांडीवर घेऊन बसलेली बाई ती. पण घरातलं प्रत्येक बरंवाईट ती कुणाच्या तरी पायगुणाला नेऊन बांधायची. म्हैस आटली तर आईच्या माहेरचं, पिंपरी पेंढारचं कुणीतरी नुकतंच येऊन गेलेलं असायचं. विहिरीची मोटार जळली तर मी मंगळवारी केस धुतलेले असायचे. आण्णा तिला उलट बोलत नसत. गावात हसतखेळत वावरणारा हा माणूस बहिणीसमोर आला की मान खाली घालून "हां आक्का, व्हय आक्का" करायचा. मी जुन्नरला कॉलेजात बारावी सायन्सला होते आणि एवढी एकच गोष्ट त्यांनी आक्काचं न ऐकता केली होती. नाही म्हणायला आणखी एक. बाजरी निघालेल्या मोकळ्या वावरात ते मला गाडी शिकवत. पहिला गिअर, दुसरा गिअर, थांब. तिसरा लागेल एवढं लांब आमचं वावरच नव्हतं. आत्या बांधावरून ओरडायची, "नामा, पोरीला सासरी धाडायचीय का येष्टीत डायवर?" आणि आण्णा माझ्याकडे बघून डोळा मारायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझं लग्न उरकायचं, असं आत्याच्या मनाने घेतलं होतं. स्थळही तिनेच काढलं होतं. परीक्षा होईपर्यंत थांबू, असं आण्णा म्हणत होते, पण ते असं हळू म्हणत की त्याला काही जोर वाटत नव्हता. घरात रोज या ना त्या वाटेने तोच विषय निघायचा. मी जेवताना मान वर करत नसे. एखादी गोष्ट चुकली, दूध उतू गेलं, कपबशी फुटली, की माझ्या शिक्षणाच्या खात्यावर जमा व्हायची. तेव्हा मी घरात पाय न वाजवता चालायला शिकले.

नवरात्रात आण्णांनी नवी बॅटरी आणली. जुनी पार बसली होती, तिच्या खांबांवर पांढरी-हिरवी बुरशी चढायची आणि आण्णा दर रविवारी गरम पाण्याने ती धूत. नवी बॅटरी तेव्हा कोरडी मिळे. अॅसिड वेगळ्या पांढऱ्या कॅनमध्ये, ते भरायचं आणि मग चार्जिंग करायचं. दुकानदार सगळं करून देतो म्हणाला होता, पण आपल्या गाडीला दुसऱ्याने हात लावलेला आण्णांना खपत नसे. एका मित्राचा चार्जर त्यांनी मागून आणला आणि अष्टमीला बॅटरी पडवीत पाटावर ठेवून तिच्या सहाही भोकांत चंचुपात्राने जपून अॅसिड भरलं. आईने चंचुपात्र पुन्हा देवघरात घ्यायचं नाही म्हणून बजावलं. मग वायरी लावल्या. थोड्या वेळाने बॅटरीतून बारीक चरचर ऐकू येऊ लागली, पुरणाची डाळ मंद आचेवर शिजताना येते तशी. मी जवळ बसून भोकांत बघत होते. बुडबुडे येत होते. आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे सगळं होतं. पाण्यातून वीज गेली की हायड्रोजन निघतो, हायड्रोजन जळताना फट् आवाज करतो. सरांनी परीक्षानळीत करून दाखवलं होतं आणि मुली दचकून हसल्या होत्या. मी आण्णांना म्हटलंसुद्धा, "आण्णा, यो हायड्रोजन हाय." ते म्हणाले, "आसंल. झाकनं उघडी ठेव, निघून जाऊ दे त्याला."

आज मी शाळेत हेच शिकवते. पुस्तकात वाचलेलं आणि पडवीत पाहिलेलं एकच असतं, हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही म्हणून चिडते. चिडण्याचा मला फारसा हक्क नाही.

खंडेनवमीला आमच्या वस्तीवर चाक फिरत नाही. नांगर, विळे, पंप, सायकल, ट्रॅक्टर, सगळं धुऊन पुसून ठेवायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, आणि पूजा झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आण्णांनी ठरवलं होतं की नवी बॅटरी त्याच दिवशी बसवायची आणि तिच्यासकट पांढरीची पूजा करायची. सकाळी आम्ही पांढरी धुतली. आण्णा अशा हौसेने धूत होते की हौदातलं पाणी तळाला गेलं तरी त्यांचं समाधान होईना. मी घागरींनी उपसून उपसून दिलं. दहाला लाइट गेली, आमच्याकडे ती नेहमी दहाला जायची, तेव्हा हौद कोरडा होता आणि घरात फक्त पिण्याचे दोन हंडे भरलेले होते. कुणी त्याचा विचार केला नाही. आत पुरण वाटलं जात होतं, वेलदोड्याचा वास अंगणात येत होता, आत्याचा नवव्या दिवसाचा उपवास असल्यामुळे तिचा आवाज चढलेला होता. शेजारचे बबनकाका सगळ्या वस्तीसाठी माळा आणायला ओझरला चालत गेले होते, आणि बाकीचे गडी-बायकाही त्यांच्यामागे देवाला गेले होते, वस्तीवर फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरली होती.

आण्णांनी जुनी बॅटरी काढून लिंबाखाली ठेवली आणि लाइट जाईपर्यंत चार्जिंगलाच असलेली नवी उचलून बॉनेटखाली तिच्या जागी बसवली. वायरी अजून जोडल्या नव्हत्या. झाकणं उघडीच होती, अॅसिड कमी पडलं की काय ते त्यांना बघायचं होतं. आत्याने पूजेचं ताट ओट्यावर आणून ठेवलं आणि "नारळ घिऊन येती, तवर दिवा लावू नगं" म्हणून आत गेली. मला घाई होती. पूजा उरकली की मला अभ्यासाला बसता येणार होतं. आण्णांच्या खिशातली काडेपेटी मागून घेतली, निरांजन लावलं, ताट घेऊन गाडीजवळ गेले. लिंबाची सावली, त्यात उघड्या बॉनेटची सावली, भोकांत नुसता अंधार दिसत होता. आण्णा वाकून बघत होते. "काय दिसंना गं आत," ते म्हणाले. टॉर्च घरात खुंटीला होता. दहा पावलं. मी निरांजन ताटातून उचललं आणि भोकाजवळ नेलं.

आवाज मला आठवत नाही. लोक म्हणतात वस्तीच्या टोकापर्यंत गेला. मला आठवतं ते हे की माझ्या हातातलं ताट खाली वाजत फिरत होतं आणि आण्णा दोन्ही हात तोंडावर धरून गुडघ्यावर बसले होते. बॅटरीचं वरचं झाकण उडून गेलं होतं. माझ्या उजव्या मनगटाला हजार मुंग्या एकदम चावल्यासारखं झालं. आण्णा ओरडले नाहीत. ते फक्त म्हणत होते, "डोळं... डोळं गेलं... डोळं गेलं..."

मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. दोन क्षण असतील. मग पुस्तकातलं ते पान, जे आधी आठवायला हवं होतं, आता आठवलं. अॅसिड सांडलं तर भरपूर पाणी. मी आत पळाले, पिण्याचा हंडा उचलला आणि आणून आण्णांच्या तोंडावर ओतायला लागले. "हात काढा आण्णा. डोळं उघडा." ते उघडेनात. मी त्यांच्या पापण्या बोटांनी ओढून धरल्या आणि ओतत राहिले. आई धावत आली, तिने काही विचारलं नाही, दुसरा हंडा घेतला. आत्या मात्र वाटीत तूप घेऊन आली. "पानी नगं वतू! सोड! गाईचं तूप हाय, भरा डोळ्यात, थंड पडंल." ती वाकली. मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याचा हात धरून बाजूला लोटला. तूप मातीत गेलं. "आत्या, विहिरीवर जा," मी म्हणाले. "बादली टाक विहिरीत. पानी आन. जेवढं आनता येईल तेवढं आन." माझा आवाज कसा निघाला असेल देव जाणे, पण ती गेली. साठीची, नऊ दिवसांची उपाशी बाई अनवाणी पळत गेली आणि विहिरीच्या रहाटाचा कर्र कर्र आवाज सुरू झाला.

पहिली बादली घेऊन आली तेव्हा तिने विचारलं. धापा टाकत, रडत, पण विचारलंच. "कशानं झालं रं हे? दिवा कुनी लावला? मी सांगून गेलती ना!" ती माझ्याकडे बघत होती. निरांजन गाडीखाली कुठेतरी विझून पडलं होतं. माझ्या घशात शब्द आला होता. शपथेवर सांगते, आला होता. त्याआधीच आण्णा बोलले. डोळे आईच्या बोटांत, तोंडावरून पाणी वाहतंय, आणि ते म्हणाले, "बिडी, आक्का. बिडी पेटवली मी. काडी वढली आन् भडकलं." आण्णांना दिवसाला एक बंडल लागायचं, झोपेतून उठून ते बिडी शोधायचे, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. काडेपेटी त्यांच्या पायाशी पडलेली होती. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, नवमीच्या दिशी! देवापुढं बिडी!" आणि दुसऱ्या बादलीसाठी पळाली. मी गप्प राहिले. पाणी ओतत राहिले आणि गप्प राहिले.

त्या वेळी मला वाटलं की त्यांना खरंच कळलं नसावं. मग विचार केला, हातभर अंतरावर ज्योत आलेली दिसली नसेल असं कसं होईल?

नारायणगावला डोळ्यांचे डॉक्टर होते, नऊ-दहा किलोमीटर. वस्तीवर गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं आणि आमच्या गाडीत बॅटरी नव्हती. पेट्रोलची गाडी, बॅटरीशिवाय ठिणगी पडायची नाही, कितीही ढकला. आई आण्णांच्या डोळ्यांवर तांब्याने धार धरून होती. मी त्यांच्या कानाशी गेले. "आण्णा, जुनी बशिवते. सांगा कशी." ते दात आवळून सांगायला लागले. "फुटकी आदी भाईर काड. हातानं नगं धरू, गोनी घे." मी खताची प्लास्टिकची गोणी हातांना गुंडाळली आणि ती फुटकी बॅटरी, जिच्यात अजून निम्मं अॅसिड हिंदकळत होतं, पोटापासून लांब धरून उचलून बाहेर ठेवली. सांडलेलं अॅसिड मरावं म्हणून आत्याच्या पापडखाराचा डबा आणून सगळा तिथे ओतला, फसफसून फेस वर आला. मग लिंबाखालची जुनी. तिचं ओझं नेहमी आण्णा एका हाताने उचलायचे, मला ती दोन्ही हातांनी, गुडघ्याचा आधार देत न्यावी लागली. "खांब बग. एक जाड आसंल, एक बारीक." "हाय." "जाड त्यो पॉझिटिव्ह. लाल वायर त्याला. आदी ती. मग काळी. उलटं केलं तर संपलं बग." खांबांवर बुरशी इतकी होती की जाड कोणता ते कळेना. मी नखांनी खरवडलं. दोन्ही सारखेच दिसत होते. मनगट पेटलं होतं. मी डोळे मिटले आणि एकेक खांब चिमटीत धरून पाहिला. डावा जाड होता. "डावा हाय आण्णा." "मंग लाव." पाना घसरत होता. एकेक आटा फिरवायला एक युग जात होतं आणि मागे आईचं एकसुरी चाललं होतं, "उगडा डोळं, अवं उगडा, उगडा."

जुनी बॅटरी उतारावर धक्क्याने तरी धरेल का, याची कुणालाच खात्री नव्हती. आण्णांना मागच्या सीटवर झोपवलं, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पायाशी हंडा, हातात तांब्या. मी स्टिअरिंगवर. ढकलायला एकटी आत्या. मी आरशात बघितलं, तर ती पाठ लावून, टाचा मातीत रोवून रेटत होती आणि मोठ्याने गणपतीला हाका मारत होती. गाडी हलेना. मग हलली. उतार लागला. मागून आण्णा म्हणाले, "आत्ता सोड," आणि मी क्लच सोडला. एक उचकी. काही नाही. पाट जवळ येत होता. "परत दाब. परत सोड." दुसरी उचकी, धूर, आणि इंजिन धरलं. पाटाच्या काठावर मी स्टिअरिंग वळवलं तेव्हा डावं चाक भरावावरून घसरल्याचं कळलं, पण आम्ही रस्त्यावर होतो.

रस्त्यावरचं ते अर्धा-पाऊण तासाचं अंतर मी अजून स्वप्नात चालवते. बंद पडली तर संपलं, कारण ढकलायला कुणी नाही. जिथे तिथे धुतलेले ट्रॅक्टर केळीचे खांब आणि माळा लावून रस्त्याच्या कडेला उभे. माणसं निवांत नारळ फोडत होती, प्रसाद वाटत होती, आणि हॉर्न दिला की हसून हात करत होती, त्यांना वाटलं नामूची पोरगी पूजेची गाडी मिरवतेय. मी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळणारं इंजिन घेऊन चालले होते. मागून आवाज आला, "तिसरा घाल." "मला येत न्हाई." "येतंय. क्लच दाब. दांडी मदी आन, मग वर सरळ ढकल. जोर नगं करू." मी ढकलली. इंजिनचा आवाज खाली उतरला. "हां. आसंच ठिव," ते म्हणाले. तिथून पुढे डोळे मिटलेला तो माणूस कानाने गाडी चालवत होता. आवाज बदलला की सांगत होता. "पाय काड... चढ लागला का? दुसरा... आता वळान आसंल, गुऱ्हाळाचा वास येतोय." सीट ओली, आईचं लुगडं ओलं, माझ्या पायाखालून पाणी वाहत होतं. नारायणगावच्या चौकात मी गाडी दवाखान्याच्या पायरीला लावली, म्हणजे खरं सांगायचं तर पायरीवर घातली, आणि ती बंद पडली.

डॉक्टरांनी आणखी तासभर डोळे धुतले. मग बाहेर येऊन विचारलं, हे कसं झालं. आईने सांगितलं, बिडी पेटवली. डॉक्टर चिडले. बॅटरीवर बिडी पेटवतात का, एवढं कळत नाही का, वगैरे. मी दारात उभी होते. मी म्हणाले, "डॉक्टर, ते..." आणि पट्ट्या बांधलेल्या आण्णांनी हात पुढे करून माझं मनगट पकडलं. नेमकं भाजलेलं मनगट. मी कळवळले आणि गप्प बसले. ते त्यांनी मुद्दाम केलं की अंदाजाने, हे मला कळलं नाही.

डावा डोळा गेला. बुबुळावर पांढरा डाग पडला तो कायमचा. उजवा राहिला. पाण्याने राहिला, डॉक्टर म्हणाले, ज्याने पाणी ओतलं त्याने राखला. हे वाक्य घरात इतक्यांदा सांगितलं गेलं की आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला मला पुढे करून दाखवू लागली. "शिकल्याली हाय म्हनून वाचला माझा भाऊ. मी तूप घालाया निघालते." दिवाळीनंतरचं ते स्थळ तिने स्वतःच्या तोंडाने परत पाठवलं. पोरगी शिकू दे म्हणाली. आणि मी ते सगळं कौतुक घेतलं. लाज वाटत होती, रोज वाटत होती, ताटावर बसलं की घास फिरायचा, पण घेतलं. खरं सांगितलं असतं तर खंडेनवमीच्या दिव्याने बापाचा डोळा घालवणारी पोर म्हणून मी पंचक्रोशीत ओळखली गेले असते. पुस्तकं त्याच आठवड्यात माळ्यावर गेली असती आणि पायगुणाचा शिक्का जन्मभर पुसला नसता. मला हे तेव्हा नीट मांडता आलं नसतं. आण्णांना मात्र, तोंडावर अॅसिड उडालेलं असताना, एका श्वासात ते सगळं दिसलं होतं.

पांढरी पुढे मी चालवली, सुट्टीच्या दिवशी, बी.एस्सी. होईपर्यंत. आण्णा शेजारी बसत. गावातले लोक त्यांना गमतीने म्हणत, "काय नामूभाऊ, बॅटरीवर बिडी?" आणि ते हसत. ते हसणं मला सोसत नसे. पण खरी शिक्षा आत्याने दिली. पट्टी सुटली त्याच आठवड्यात तिने त्यांना ओझरला विघ्नहरापुढे उभं केलं आणि बिडी सोडल्याची शपथ घ्यायला लावली. आण्णांनी घेतली. जो माणूस जेवणाइतकी बिडीची वाट बघायचा, त्याने एकदाही पुन्हा ओढली नाही. पहिले काही महिने ते बोटं नुसती तोंडाकडे न्यायचे आणि खाली आणायचे. मी समोर असले की हात मांडीखाली घालून बसायचे.

आता आण्णा नाहीत, आत्याही नाही, म्हणून हे लिहिता येतंय. आईला मी मागच्या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच व्हतं. नोकरी लागली त्या वर्षी मी सुट्टीला घरी आले तेव्हाची गोष्ट एवढी राहिली. दुपारची वेळ होती, आत्या आत पडली होती. मी पर्समधून बिडीचं एक बंडल काढून आण्णांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला आणि परत दिलं.

"आण्णा, त्या दिवशी तुमी बिडी पेटवलीच नव्हती," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे आमच्या दोघांपैकी कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. बोलता बोलता मला रडू फुटलं.

त्यांनी राहिलेल्या डोळ्याने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "हळू बोल," ते म्हणाले. "आक्का जागी हाय. आन् रडतीस कशाला? हज्जारो बिड्या वढल्या मी, कशाचा उपेग झाला न्हाई. त्या एका न वढलेल्या बिडीनं तुजं शिक्षान झालं. आता आनि कशाला वढू?"